पाण्याची राखण

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

वाशी, नेरूळ, खारघर भागातल्या घरांत नाहीतर कचेऱ्यांत पाण्याचे एक यंत्र हमखास दिसते. वर वीस लिटरचा उलटा जार, खाली दोन तोट्या. एक निळी, एक लाल. निळी दाबली की गार पाणी, लाल दाबली की कढत. कोणी त्याला डिस्पेन्सर म्हणते, कोणी कूलर, कोणी नुसतेच मशीन. चालते तोवर त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते. एके दिवशी तोटीतून पाणी येईनासे होते किंवा खाली फरशीवर थारोळे साचते आणि घरात धावपळ होते. मेकॅनिक येतो, मागे हात घालून काहीतरी करतो, पैसे घेतो आणि जातो. त्याने काय केले हे घरातल्या कुणालाच कळत नाही.

आपल्या आजीच्या बाबतीत असे होत नसे. तिच्या घरात पाण्याचे यंत्र नव्हते, पण पाण्याविषयी तिला कळत नाही असे काही नव्हते. माठ कधी घासायचा, फडके कधी बदलायचे, गढूळ पाण्यात तुरटी किती वेळ फिरवायची, हे सारे तिच्या हाताला ठाऊक होते. मधल्या काळात ही राखण आपल्या हातातून निसटून यंत्राच्या पोटात गेली. ती पुन्हा थोडीफार हातात कशी घ्यायची आणि कुठे हात आवरून जाणकाराला बोलवायचे, हे आज पाहू. त्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल, कारण पाणी कशापासून राखायचे याविषयी आपला समाज फार काळ गोंधळलेला होता.

माठ आणि तोटी

आजच्या यंत्राचा पूर्वज म्हणजे घडवंचीवरचा माठ. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर येऊन त्याची वाफ होते आणि ती वाफ जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. मात्र हवा कोरडी असेल तरच ही करामत नीट साधते. नागपूर-सोलापूरकडे मे महिन्यात माठातले पाणी दाताला लागते. आपल्या ठाणे खाडीच्या काठावर हवेतच इतका दमटपणा, की माठाचे पाणी जेमतेम गारवा धरते. या शहरात फ्रीज आणि कूलर लवकर घरोघरी पोचले, त्याचे एक कारण हे हवामानही असावे.

माठासोबत दोन साधने असत. एक, लांब दांड्याचे ओगराळे. दुसरे, पाणी गाळायचे दुहेरी फडके. ओगराळ्यामुळे हात पाण्यात बुडत नसे. पुढे माठालाच तोटी आली आणि भांडे बुडवण्याचे कारणही उरले नाही. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर डिस्पेन्सरचा अर्धा शोध इथेच लागला होता. साठवलेल्या पाण्याला हात लागू द्यायचा नाही, ते वरून खाली एकाच वाटेने यावे, एवढेच ते तत्त्व.

फडक्याची थोरवी तर आपण विसरूनच गेलो आहोत. महाराष्ट्रात नारूचा रोग होता. पायऱ्यांच्या विहिरीत नारूचा रोगी उतरला की त्याच्या पायातल्या जखमेतून कृमीची पिल्ले पाण्यात पडत. पाण्यातल्या अगदी बारीक कवचधारी जीवांच्या पोटात ती वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने हातभर लांबीचा कृमी तयार होई. यावर ना लस होती, ना खात्रीचे औषध. होते ते गाळायचे फडके, पायऱ्या बुजवलेली विहीर आणि हातपंप. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. एका रोगाचे उच्चाटन करण्यात लुगड्याच्या तुकड्याचा एवढा मोठा वाटा होता.

तशीच एक हकिकत बांगलादेशातली. अमेरिकी शास्त्रज्ञ रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतलब भागातल्या बायकांना जुन्या सुती साडीच्या निदान चार घड्या करून पाणी गाळायला शिकवले. कॉलऱ्याचे जंतू त्या कापडाहून कितीतरी बारीक, पण ते पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलेले दिसले. नव्या साडीपेक्षा जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली साडी अधिक चांगली ठरली, कारण धुण्याने तिचे धागे फुलून विणीतली भोके बारीक होतात.

विटाळ आणि दूषण

ही झाली जंतूंपासूनची राखण. तिच्या शेजारी दुसरीही एक राखण चालू होती, माणसांपासूनची. पाण्याला कुणाचा हात लागला याची चौकशी फार कडक होती, मात्र तो हात स्वच्छ आहे की नाही हे कुणी विचारत नव्हते. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे कागदोपत्री सर्वांना मोकळे झाले. कागद आणि पाणी यांत किती अंतर आहे, हे २० मार्च १९२७ रोजी महाडला दिसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सत्याग्रहींवर हल्ले झाले आणि पुढे त्या तळ्याच्या ‘शुद्धी’साठी त्यात शेण आणि गोमूत्र ओतले गेले. निर्मळ हाताने बाटलेले पाणी शेणाने शुद्ध झाले, असे मानणारा तो समाज. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडले.

रेल्वेच्या फलाटांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा वेगळ्या व्यवस्था स्वातंत्र्यापर्यंत होत्या. आगगाडी एक, इंजिन एक, इंजिनाच्या पोटातले पाणी एक आणि प्रवाशाच्या घशातले मात्र दोन. उन्हाळ्यात रस्त्यावर पाणपोई लागायची, मोहरममध्ये सबील लागायची. तहानेला जात विचारायची नाही, हा दोन्हींमागचा मूळ भाव. तो पाळणारी माणसे होती. तशीच, काही माणसांच्या ओंजळीत लांबून, वरून धार धरणारीही होती.

यात नळाची गोष्ट मला फार बोलकी वाटते. मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले. मग तुळशी, मग तानसा. कितीतरी सोवळ्या घरांत मात्र हे पाणी पूजेला आणि स्वयंपाकाला चालत नसे, कारण नळाच्या तोटीत चामड्याचा वायसर होता. रोगराई विहिरीत होती आणि संशय वायसरवर होता. पुढे वायसर रबराचा झाला, नळ घरात आला आणि विटाळाची ती चर्चा हळूहळू मावळली. आपल्या डिस्पेन्सरची तोटी टिपकू लागते तेव्हा बहुधा दोषी असतो तो हाच वायसर. काम तेच, फक्त आता त्याची जात कुणी विचारत नाही.

जंतू सापडला, मेणबत्ती आली

पाण्यातला खरा शत्रू कोण, हे एकोणिसाव्या शतकाने दाखवून दिले. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवतीच कॉलऱ्याचे मृत्यू का होतात, हे जॉन स्नो या डॉक्टरने नकाशा काढून सिद्ध केले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख याने कोलकात्यात कॉलऱ्याच्या जंतूची ओळख पक्की केली. १८९२ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्ग शहर एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत होते. तिथे कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक माणसे गेली. शेजारच्याच आल्टोना गावाने तेच पाणी वाळूतून गाळून घेतले होते, ते बरेचसे बचावले. दोन गावांमध्ये फरक होता तो फक्त वाळूच्या थराचा.

त्याच सुमारास घरगुती फिल्टर जन्माला आला. पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स चेंबरलँड यांनी १८८४ मध्ये चिनीमातीची नळी तयार केली आणि १८९१ मध्ये जर्मनीत बेर्केफेल्ड यांची नळी आली. आकार मेणबत्तीसारखा, म्हणून नाव कँडल. आपल्याकडे स्टीलच्या दोन डब्यांचा, आत दोन कँडल असलेला फिल्टर कित्येक मध्यमवर्गीय घरांत ओट्यावर दिसे. आठवड्यातून एकदा कँडल मऊ ब्रशने घासायची, साबण लावायचा नाही, अधूनमधून उकळून घ्यायची. तडा गेला की ती फेकायची. हे काम घरातले कुणीही करी. तिच्या मर्यादाही होत्या. गढूळपणा आणि बरेचसे जंतू ती अडवते, पण विषाणू त्यातून निसटतात. १९५५-५६ मध्ये दिल्लीत नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाणी दिसायला स्वच्छ असणे आणि पिण्याजोगे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्याचा धडा. ‘पाणी उकळून प्या’ हा डॉक्टरांचा सल्ला आजही जुना झालेला नाही.

खाडीपल्याडचे नवे शहर

आता आपल्या नवी मुंबईकडे येऊ. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. पंचाण्णव गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. त्या आगरी-कोळी गावांना आपापल्या विहिरी होत्या, तळी होती, पाणी भरणाऱ्या बायकांच्या वाटा होत्या. सदनिकांमध्ये राहायला आलेल्यांना मात्र विहीर दिसलीच नाही. त्यांनी पाहिला तो थेट नळ. १९९२ मध्ये महापालिका सुरू झाली. आज महापालिकेच्या हद्दीतल्या घरांना मुख्यतः खालापूर तालुक्यात धावरी नदीवर असलेल्या मोरबे धरणाचे पाणी मिळते. ते भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होते. त्या केंद्राची क्षमता दिवसाला ४५ कोटी लिटर. स्वतःच्या मालकीचे धरण असलेल्या महापालिका फार थोड्या, त्यात ही एक. पलीकडे उलवे, खारघर भागाला सिडकोमार्फत मुख्यतः हेटवणे धरणाचे पाणी येते.

भोकरपाड्याहून निघालेले पाणी घरी यायच्या आत बरेच मुक्काम करते. उंच जलकुंभ, रस्त्याखालची वाहिनी, सोसायटीची जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि मग स्वयंपाकघर. पालिकेची जबाबदारी सोसायटीच्या मीटरपाशी संपते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुराने मुंबई परिसरातल्या अनेक सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्यांत गटाराचे पाणी शिरले. धरण शुद्ध, केंद्र शुद्ध आणि बिघाड आपल्याच पायाखाली, असा तो अनुभव होता.

घरातल्या पाण्यावरचा आपला भरवसा ढळत गेला तसा बाजार वाढत गेला. १९८४ मध्ये अॅक्वागार्ड आले. अतिनील किरणांनी जंतू मारायचे ही कल्पना जुनी आहे, फ्रान्समधल्या मार्सेय शहरात १९१० मध्येच ती वापरून झाली होती. पण टाय लावलेला विक्रेता दारात उभा राहून पाण्याचे प्रात्यक्षिक दाखवतो, हे दृश्य आपल्याला नवे होते. या यंत्राला वीज लागते. भारनियमनाच्या वर्षांत वीज गेली की त्याचे पाणीही बंद. मग आले आरओ. त्यामागचा पडदा कॅलिफोर्नियात लोब आणि मूळचे भारतीय असलेले शास्त्रज्ञ सौरीराजन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस समुद्राचे पाणी गोड करण्यासाठी तयार केला. खाऱ्या बोअरवेलच्या गावी तो वरदान आहे. आपल्या धरणाचे पाणी मात्र सह्याद्रीवरच्या पावसाचे. त्यात क्षार मुळातच कमी. ते आरओतून काढायचे म्हणजे घरगुती यंत्रात एका लिटरमागे साधारण तीन लिटर पाणी मोरीत सोडायचे. ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत, तिथे आरओ वापरण्यास मनाई करावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २० मे २०१९ रोजी सरकारला सांगितले होते. खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विजेशिवाय चालणारा, पडद्याचा घरगुती फिल्टर तयार करून त्याचे तंत्र उद्योगांना दिले आहे. यंत्र घेण्याआधी आपले पाणी कुठून येते एवढा एक प्रश्न विचारला, तरी पुष्कळ पैसे आणि पाणी वाचेल.

जारचे पाणी ही तिसरी वाट. १९६५ मध्ये बिसलेरी हे इटालियन नाव मुंबईत आले आणि १९६९ मध्ये ते पार्लेकडे गेले. तेव्हा विकतचे पाणी ही चेष्टा होती. पुढे वीस लिटरचे जार आले आणि त्यांच्यासोबत हे उभे यंत्र. मार्च २००१ पासून बाटलीबंद पाण्याला आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. २०२४ मध्ये ती सक्ती काढली, तरी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना लागतोच. जार घेताना झाकणाचे सील, परवान्याचा क्रमांक आणि भरल्याची तारीख पाहावी. सुटे, सील नसलेले थंड पाणी जारमध्ये आले म्हणून शुद्ध होत नाही.

यंत्र काय सांगते

जार उलटा ठेवूनही पाणी भळाभळा का सांडत नाही? कारण जारच्या वरच्या पोकळीतली हवा कोंडलेली असते आणि बाहेरची हवा खालच्या पाण्याला दाबून धरते. हवेच्या या दाबाचा प्रयोग टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४३ च्या सुमारास केला. एवढे लक्षात ठेवले तर यंत्राच्या निम्म्या तक्रारी उलगडतात.

जार बदलल्यावर पाणी येत नाही? तर बहुधा मध्ये हवा अडकली आहे. झाकणावरचा कागद निघाला आहे का पाहा, जार जरा उचलून पुन्हा सरळ बसवा आणि दोन्ही तोट्या थोडा वेळ दाबून धरा. गुडगुड आवाज आला, बुडबुडे वर गेले की पाणी सुरू होते. लाल तोटीतूनच येत नसेल तर तिच्यावर लहान मुलांसाठी असलेला खटका पाहा. तो न दाबता कितीही जोर केला तरी ती उघडत नाही. निळीतूनच येत नसेल तर आत बर्फ धरला असेल. प्लग काढून यंत्र तीन-चार तास स्वस्थ ठेवा, मग मागचा थंडाव्याचा खटका थोडा कमी करा.

खाली पाणी साचते? आधी कोरड्या कापडाने यंत्र पुसा आणि पाहत बसा. आपल्या दमट हवेत गार भागावर दव धरते आणि ते ओघळते. ती गळती नव्हे. तोट्यांखालचा ट्रे भरून वाहत असेल तर तो रिकामा करा. दोन्ही नसेल तर जार बदलून पाहा. जारला केसाएवढा तडा असला तरी बाहेरची हवा आत शिरते, कोंडलेली हवा मोकळी होते आणि पाणी वरून ओसंडते. दुसरा जार लावल्यावर गळती थांबली तर यंत्र निर्दोष, जार परत द्या. मागच्या बाजूला टाकी रिकामी करायचे बूच असते, ते सैल झालेलेही असू शकते.

पाणी गार होत नाही? मागचा हिरवा किंवा निळा खटका चालू आहे का? यंत्र भिंतीला चिकटून उभे आहे का? मागची जाळी उष्णता बाहेर टाकते, तिला वीतभर मोकळी जागा हवी. प्लग काढून जाळीवरची धूळ ब्रशने झाडा. स्वस्त यंत्रांत कॉम्प्रेसर नसतोच. त्यात पेल्टिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये दाखवलेल्या परिणामावर चालणारी छोटी पट्टी असते. मे महिन्यात तिच्याकडून बर्फाची अपेक्षा करणे म्हणजे तिच्यावर अन्याय. आणि नवे यंत्र आडवे करून आणले असेल तर ते काही तास उभे ठेवून मगच सुरू करावे. कॉम्प्रेसरमधले तेल खाली बसायला वेळ लागतो.

कढत पाणी सुरू करताना एक नियम मोडायचा नाही. लाल तोटीतून आधी पाण्याची धार आली पाहिजे, मगच लाल खटका चालू करायचा. टाकी कोरडी असताना हीटर तापला तर तो जळतो.

पाण्याला वास येतो? मग एक सोपी तपासणी करा. एका पेल्यात स्वयंपाकघरातल्या नळाचे, दुसऱ्यात जारमधले आणि तिसऱ्यात यंत्रातले पाणी घ्या. वास नळाच्या पाण्यालाच असेल तर दोष गच्चीवरच्या टाकीत शोधावा लागेल. फक्त यंत्रातल्या पाण्याला असेल तर आतली टाकी धुवायची वेळ झाली आहे. दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून, कढत पाणी निवल्यावर, मागच्या बुचातून सगळे पाणी काढा, टाकी स्वच्छ धुवा आणि बरेच पाणी वाहू द्या. क्षाराचा पांढरा थर असेल तर पाण्यात थोडे व्हिनेगर घालून तासभर ठेवावे आणि मग भरपूर पाण्याने खळबळून घ्यावे. जार उन्हात ठेवू नये, आत हिरवे शेवाळ धरते. तोट्यांची तोंडे रोज पुसावीत, हात सगळ्यांचे तिथेच लागतात. शुद्धता यंत्र असेल तर पावसाळ्यात त्याचे पहिले, धाग्याचे फिल्टर तपकिरी होऊन धार बारीक होते. वरच्या मजल्यावर गच्चीच्या टाकीचा दाब कमी पडूनही तेच होते. त्याचा दोष यंत्राला देण्यात अर्थ नाही.

वासाने किंवा डोळ्याने जंतू मात्र कळत नाहीत. त्यासाठी ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एक साधी बाटली दिली. तिच्यात पाणी भरून दिवसभर उबेला ठेवायचे. काळे पडले तर त्यात मैला मिसळल्याचा संशय धरायचा. देशातल्या अनेक गावांत ती वापरली गेली. शहरातल्या सोसायटीनेही वर्षातून दोनदा टाकीच्या पाण्यावर ती वापरायला हरकत नाही.

हात कुठे आवरायचा

हे झाले घरच्या माणसाचे काम. आता त्याची सीमा. यंत्राला हात लावताच मुंग्या आल्या, शॉक बसला, वीजपेटीतला खटका वारंवार पडू लागला, जळका वास आला, तर प्लग काढायचा आणि यंत्राला पुन्हा हात लावायचा नाही. प्लगला पाणी लागले असेल तर आधी मुख्य स्विच बंद करायचा. लाल तोटीतून सतत वाफ येत असेल, आतले पाणी थांबता थांबत उकळत असेल, तर तापमान आवरणारा भाग बिघडला आहे. कॉम्प्रेसर दर मिनिटाला टक् टक् करून चालू-बंद होत असेल, किंवा जाळी साफ करून, रात्रभर चालवूनही पाणी कोमटच राहत असेल, तर गॅस किंवा कॉम्प्रेसरचा प्रश्न आहे. हल्लीच्या अनेक यंत्रांत आयसोब्युटेन हा पेट घेणारा वायू असतो. तिथे पक्कड, पाना घेऊन बसणे हा अडाणीपणा. आतल्या नळीतून गळत असेल तेव्हाही तसेच.

तंत्रज्ञाला बोलावताना त्याचा फोन नंबर यंत्रावरच्या पट्टीवरून किंवा बिलावरून घ्यावा. इंटरनेटवर दिसणारे ग्राहकसेवेचे नंबर पुष्कळदा ठगांचे असतात. दुरुस्तीआधी आगाऊ पैसे किंवा फोनवर आलेला सांकेतिक अंक मागणारा माणूस तंत्रज्ञ नव्हे. यंत्राचा नमुना क्रमांक, खरेदीची तारीख, बिघाड केव्हापासून, आवाज कसला, आपण काय काय करून पाहिले, हे कागदावर लिहून ठेवावे. बदललेला जुना भाग मागून घ्यावा, बिल घ्यावे. आणि तो काम करत असताना शेजारी उभे राहून पाहावे. चांगला कारागीर विचारलेले सांगतो. त्याच्या कामातले गमक कळले तर त्याचा मान वाढतो, कमी होत नाही.

त्या कारागिरालाही तहान लागते. सुरक्षारक्षकाला लागते, जार खांद्यावर घेऊन चार मजले चढणाऱ्या पोऱ्याला लागते, घरकामाच्या बाईंना लागते. त्यांच्यासाठी वेगळा पेला, वेगळी बाटली ठेवणारी घरे आजही आहेत आणि त्याच घरांत यंत्राची टाकी दोन-दोन वर्षे धुतलेली नसते. विटाळ तेवढा पाळला जातो आणि दूषण तसेच राहते. महाडच्या तळ्यापासून वीस लिटरच्या जारपर्यंत आपण आलो, पण राखण कशापासून करायची याचे उत्तर अजून घरोघरी द्यायचे आहे. उत्तर द्यायचे तर येत्या रविवारी प्लग काढा, टाकी धुवा, तोट्या पुसा, ताजा जार लावा. नंतर दारात जो कोणी येईल त्याला त्याच तोटीचे, त्याच पेल्यातले पाणी द्या.